खुज्या उंदराचं दीर्घायुष्य

२००३ साली अमेरिकेत एका उंदराच्या आयुष्याला बक्षीस मिळालं. प्रयोगशाळेतल्या उंदराला वेळेवर खाणं मिळतं, मांजराची भीती नसते, तरीही तो दोन-अडीच, फार तर तीन वर्षं जगतो. हा उंदीर १८१९ दिवस जगला. पाच वर्षं पूर्ण व्हायला त्याला फक्त एक आठवडा कमी पडला. माणसाच्या आयुष्याशी ढोबळ हिशेब जुळवला तर दीडशे वर्षं ओलांडल्यासारखंच हे झालं. बायबलमधला मेथुसेला ९६९ वर्षं जगला, म्हणून बक्षीसही त्याच्याच नावाचं होतं. ते मिळालं सदर्न इलिनॉय विद्यापीठातल्या आंजेय बार्टके यांच्या प्रयोगशाळेला.

या उंदराला कुठलंही औषध दिलेलं नव्हतं. त्याच्या शरीरात एक गोष्ट जन्मापासून नव्हती, इतकंच. वाढीच्या संप्रेरकाचा, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनचा, निरोप घेणारं प्रथिन त्याच्या पेशींवर नव्हतं. रक्तात हॉर्मोन भरपूर होतं, पण ते कुठल्याच पेशीला ऐकू जात नव्हतं. त्यामुळे तो खुजा राहिला, वजनाने भावंडांच्या निम्म्याच्या आसपास. आणि भावंडं संपल्यावरही तो पिंजऱ्यात हिंडत राहिला.

वाढ आणि म्हातारपण ही आयुष्याची दोन टोकं असं आपण धरून चालतो. आधी वाढायचं, मग काही काळ स्थिर राहायचं, मग झिजायचं. हा उंदीर सांगतो की या दोन टोकांना बांधणारा धागा एकच असावा. गेल्या तीस वर्षांत या धाग्याचा माग काढताना जे हाती लागलं, ते वाचताना मी पुन्हा पुन्हा थबकतो.

आधी हे हॉर्मोन करतं काय, ते पाहू. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती ग्रोथ हॉर्मोन सतत सोडत नाही, उमाळ्या-उमाळ्यांनी सोडते, आणि मोठा उमाळा येतो रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. हे हॉर्मोन यकृताला निरोप देतं, यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं संप्रेरक तयार करतं, आणि हाडांना, स्नायूंना, आतड्यांना ‘वाढा, विभागा’ हा आदेश पोचतो तो मुख्यतः या आयजीएफ-१ मार्फत. त्याची रचना इन्शुलिनशी इतकी मिळतीजुळती आहे की त्याच्या नावातच ‘इन्शुलिनसारखं’ हा शब्द आहे.

पण वाढ हे या हॉर्मोनचं एकच काम नाही. उपाशी पोटी ते चरबी वितळवतं आणि इन्शुलिनच्या विरोधात उभं राहून रक्तातली साखर टिकवून धरतं. अर्जेंटिनाचे बर्नार्दो उसाय यांनी ही बाजू फार पूर्वी दाखवून दिली होती. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला तीव्र मधुमेह होतो. उसाय यांनी अशा कुत्र्याची पिट्युटरीही काढली, तर मधुमेह चक्क सौम्य झाला! साखरेवर हुकमत चालवणारा आणखी एक अधिकारी मेंदूच्या तळाशी बसलेला आहे, हे त्यातून कळलं. १९४७ साली त्यांना नोबेल मिळालं. वाढीचं हॉर्मोन हे चयापचयाचंही हॉर्मोन आहे, ही गोष्ट पुढच्या साऱ्या कथेत कामाला येते.

आता पुन्हा उंदरांकडे. १९८२ साली अमेरिकेत उंदराच्या फलित अंड्यात मोठ्या उंदराचं, म्हणजे रॅटचं, ग्रोथ हॉर्मोनचं जनुक घातलं गेलं आणि दुप्पट आकाराचे उंदीर जन्मले. त्यांचे फोटो जगभर गाजले. ओहायो विद्यापीठातले जॉन कॉपचिक याच वाटेने निघाले होते. गाईच्या ग्रोथ हॉर्मोनमध्ये थोडा फेरफार करायचा आणि अधिक प्रभावी हॉर्मोन बनवायचं, अशी त्यांची कल्पना. नवं जनुक घालून उंदीर जन्माला घातले, आणि ते निघाले खुजे. प्रयोग फसला असं म्हणून कुणीही ते बाजूला ठेवले असते. कॉपचिक आणि त्यांचे सहकारी तिथेच थांबले आणि शोध घेत राहिले. हॉर्मोनमधलं एकच अमिनो आम्ल, ग्लायसिन, बदललं की ते पेशीवर जाऊन बसतं, पण आदेश मात्र देत नाही. शिवाय खऱ्या हॉर्मोनची जागा अडवून ठेवतं. या निरीक्षणातून पेगव्हिसोमँट हे औषध तयार झालं. पिट्युटरीवरच्या गाठीमुळे ग्रोथ हॉर्मोन बेसुमार वाढून ज्यांचे हात, पाय, जबडा मोठे होत जातात, त्या रुग्णांसाठी ते आज वापरलं जातं. पुढे १९९७ मध्ये कॉपचिक यांच्याच प्रयोगशाळेने हॉर्मोनचा निरोप घेणारं प्रथिन पूर्णपणे काढून टाकलेले उंदीर तयार केले. बक्षीसपात्र उंदीर त्याच वंशातला.

बार्टके मात्र त्याआधीच एका निराळ्या खुज्या वंशावर काम करत होते. १९६१ मध्ये आयोवातल्या एम्स इथे सापडलेल्या या उंदरांची पिट्युटरीच अर्धवट घडते. १९९६ साली त्यांनी आणि हॉली ब्राऊन-बोर्ग यांनी जाहीर केलं की हे खुजे नर इतरांपेक्षा ४९ टक्के आणि माद्या तब्बल ६४ टक्के जास्त जगतात. ग्रोथ हॉर्मोन जास्त असलेले ते महाकाय उंदीर? त्यांचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. मूत्रपिंडं लवकर खराब होतात, गाठी होतात, ऐन तारुण्यात ते म्हातारे दिसू लागतात.

एम्सच्या खुज्या पिल्लांना बालपणी फक्त सहा आठवडे ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं दिली, तर त्यांचं दीर्घायुष्य कमी होतं. इंजेक्शनं बंद होऊन महिने लोटतात, तरी शरीराने त्या सहा आठवड्यांत घेतलेलं वळण सुटत नाही. म्हातारं कसं व्हायचं, याचा काही भाग उंदराच्या बालपणीच ठरतो. हा निष्कर्ष मला अजूनही पुरता पचलेला नाही.

हे उंदरापुरतंच असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. १९९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत सिंथिया केन्यन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका मातीतल्या कृमीतलं एकच जनुक बिघडवलं आणि दोन-तीन आठवडे जगणाऱ्या त्या कृमीचं आयुष्य दुप्पट झालं. चार वर्षांनी गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळेने ते जनुक कशाचं आहे ते शोधलं. इन्शुलिन आणि आयजीएफ-१ यांचा निरोप घेणाऱ्या आपल्या प्रथिनांचाच तो दूरचा भाऊ निघाला. ज्या कृमीला हाडं नाहीत, यकृत नाही, रक्त नाही, त्याच्यात आणि आपल्यात अन्नाची वार्ता पेशींपर्यंत नेणारी वाट एकच आहे, आणि ती कोट्यवधी वर्षं टिकून आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे पाहा. नव्हे, पाळलेल्या कुत्र्यांकडे पाहा, कारण तिथे फरक ठळक दिसतो. चिवावा पंधरा वर्षं सहज काढतो, ग्रेट डेन सात-आठ वर्षांत थकतो. जातींतला हा आकाराचा फरक बराचसा कुठून येतो, ते २००७ मध्ये कळलं. लहान जातींत आयजीएफ-१ च्या जनुकाचा एक ठरावीक प्रकार आढळतो, महाकाय जातींत तो जवळपास नसतो. इथे एक कोडं आहे. प्राण्यांच्या जाती एकमेकींशी ताडून पाहिल्या तर मोठ्या देहाचे प्राणीच जास्त जगतात. हत्ती साठ-सत्तर वर्षं, उंदीर दोन-तीन. बोहेड देवमासा तर दोनशे वर्षांपलीकडे जातो. एकाच जातीच्या आत मात्र गणित उलटं होतं, लहानखुरे जास्त जगतात. हत्तीला त्याच्या जातीने लाखो वर्षांत दुरुस्तीची पक्की व्यवस्था देऊन मोठं केलं. ग्रेट डेनला माणसाने काही शतकांत नुसतं मोठं केलं.

माणसाचं काय, या प्रश्नाचं सगळ्यात विलक्षण उत्तर दक्षिण इक्वेडोरमध्ये आहे. अँडीज पर्वताच्या उतारांवर लोहा आणि एल ओरो या प्रांतांतल्या दुर्गम गावांत साडेतीन-चार फूट उंचीच्या माणसांची घरं आहेत. झ्वी लारॉन या इस्रायली डॉक्टरांनी १९६६ साली ज्या विकाराचं वर्णन केलं, तोच हा लारॉन सिंड्रोम. बक्षीसपात्र उंदरात जे नव्हतं, तेच या माणसांत काम करत नाही. हॉर्मोन आहे, ते ऐकणारं प्रथिन बिघडलेलं आहे. जगात जेमतेम काही शे लोकांना असलेला हा विकार, आणि त्यातली शंभराच्या आसपास माणसं या एका टापूत. त्यांच्यातला जनुकबदल मोरोक्कोतून आलेल्या ज्यू वंशाच्या एका इस्रायली रुग्णातही तंतोतंत सापडला. त्यावरून संशोधकांचं अनुमान असं की पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधून परागंदा झालेल्या ज्यूंबरोबर तो इथवर आला असावा, आणि डोंगराआड आपसांत लग्नं होत राहिल्याने टिकला असावा.

डॉ. हाइमे गेव्हारा-अगिरे हे इक्वेडोरचेच. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते या कुटुंबांकडे जात राहिले. मुलांची उंची वाढवता येईल का, हा त्यांचा मूळ प्रश्न. पण वर्षं सरली तसं त्यांच्या नजरेत दुसरंच काही भरू लागलं. या गावांत उंच नातेवाइकांना कर्करोग होत होता, मधुमेह होत होता. बुटक्या भावंडांना होत नव्हता. कॅलिफोर्नियातल्या वाल्टर लाँगो यांच्याबरोबर त्यांनी बावीस वर्षांच्या नोंदी २०११ साली प्रसिद्ध केल्या. लारॉन सिंड्रोम असलेल्या ९९ जणांत मधुमेह एकालाही नाही, कर्करोग फक्त एकाला, आणि तोही जीवघेणा नव्हता. त्याच घरांतल्या सामान्य उंचीच्या नातेवाइकांत कर्करोगाचं प्रमाण १७ टक्के, मधुमेहाचं ५ टक्के.

या माणसांची चण बारीक नाही. त्यांच्या अंगावर चरबी जास्त असते, कित्येक जण चक्क लठ्ठ आहेत. डॉक्टरी शहाणपणाप्रमाणे मधुमेह तिथेच आधी यायला हवा. पण त्यांच्या रक्तात इन्शुलिन कमी असतं आणि ते थोडकं इन्शुलिन चोख काम करतं. त्याला विरोध करणारं ग्रोथ हॉर्मोन मुकं झालेलं आहे. उसाय यांच्या कुत्र्यात जे घडलं, तेच इथे निसर्गाने केलं.

कर्करोगाबाबत तर गेव्हारा-अगिरे आणि लाँगो यांनी आणखी पुढचा प्रयोग केला. या माणसांच्या रक्तातला द्रव परीक्षानळीतल्या मानवी पेशींना दिला आणि मग त्या पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा केला. त्या पेशींतला डीएनए कमी तुटला. आणि ज्या पेशींचं नुकसान झालं, त्या जास्त प्रमाणात स्वतःहून मेल्या. कर्करोग टाळायला नेमकं हेच हवं असतं, बिघडलेली पेशी विभागण्याआधी संपायला हवी. त्याच द्रवात आयजीएफ-१ मिसळलं की हे संरक्षण जातं.

मग ही माणसं शंभरी गाठतात का? नाही. त्यांचं आयुष्य नातेवाइकांपेक्षा लांबलेलं दिसत नाही. बाळपणी साखर एकदम खाली जाऊन धोका असतो. मोठेपणी अपघात, दारू, आकडी यांनी बळी घेतले आहेत. साडेतीन फुटी माणसाला साडेपाच फुटी जगात वावरायचं असतं, त्याची किंमत आकड्यांत पकडता येत नाही. कमी उंचीला वरदान म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. या अभ्यासाचं मोल वेगळं आहे. दोन मोठ्या आजारांपासून माणूस कसा वाचू शकतो, ते त्यांच्या शरीरांनी दाखवून दिलं.

म्हणजे लहानखुरा देह चांगला, असं समजायचं का? याचं उत्तर आपल्या पुण्याजवळच्या गावांत मिळतं, आणि ते अगदी उलट आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बाळांत कमतरता होती ती स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची. त्वचेखालची चरबी जवळपास पुरती होती. हडकुळं दिसणारं बाळ आतून चरबीयुक्त, आणि नाळेच्या रक्तात इन्शुलिन चढलेलं. इक्वेडोरची लठ्ठ माणसं इन्शुलिनच्या बाबतीत निरोगी, आणि पुण्याची बारीक बाळं जन्मतःच मधुमेहाच्या वाटेवर! लहान असणं हा मुद्दाच नाही. शरीर लहान का राहिलं, हा मुद्दा आहे. इक्वेडोरमध्ये वाढीचा निरोप पोचला नाही. पुण्याच्या खेड्यांत निरोप पोचला, पण आईच्या पोटात पोषणच अपुरं होतं.

याज्ञिकांच्या गटाने पुण्यातल्या आठ वर्षांच्या मुलांची तपासणी केली, तेव्हा इन्शुलिनला सगळ्यात जास्त अटकाव कुणात दिसला? जन्मताना लहान होती आणि आठव्या वर्षी मोठी झाली होती, त्या मुलांत. ‘बाळसं धरलं, आता भरभर वाढू दे’ या आपल्या सगळ्यांच्या लाडक्या इच्छेकडे मी तेव्हापासून थोडं थांबून पाहतो. बाळ उपाशी ठेवा, असा याचा अर्थ मुळीच नाही. मुलीचं, होणाऱ्या आईचं ताट आधी भरा, असा आहे.

वाढीची आणि म्हातारपणाची वाट एकच का असावी? अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ साली याचं एक उत्तर दिलं होतं. जे जनुक तरुणपणी फायद्याचं असतं, ते म्हातारपणी घातक ठरलं तरी टिकतं, कारण तोवर मुलंबाळं झालेली असतात. भरभर वाढणारा, लवकर वयात येणारा जीव वंश मागे ठेवून जातो. खुजे उंदीर उशिरा वयात येतात, त्यांना पिल्लं कमी होतात, त्यांना थंडी सोसत नाही. जंगलात ते टिकलेच नसते. शेतकऱ्याचं तरी काय वेगळं असतं? पाऊस चांगला झाला की तो सगळं बळ पेरणीला लावतो. अवर्षणाच्या वर्षी बांध नीट करतो, विहिरीतला गाळ काढतो, अवजारं दुरुस्त करतो. अन्न भरपूर आहे हा निरोप मिळाला की पेशी वाढतात, मिळाला नाही की दुरुस्तीला बसतात. खुज्या उंदराच्या शरीराला जन्मभर अवर्षणाचाच निरोप मिळत राहतो.

हा अंदाज पारखता येतो. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी दाखवलं होतं की रॅटना पोषणमूल्यं पुरी देऊन कॅलरी तेवढ्या कमी केल्या तर ते जास्त जगतात. बार्टके यांच्या प्रयोगशाळेने हाच आहार निरोप न ऐकणाऱ्या खुज्या उंदरांना दिला, तर त्यांच्या आयुष्यात फारशी भर पडली नाही. उपासाने जे मिळायचं ते त्यांच्याकडे आधीच होतं.

या वाटेवर आणखी पुढे गेलं की पेशीच्या आत एमटॉर नावाचं प्रथिन भेटतं. अन्न आहे की नाही याची खबर तिथे एकवटते. त्याला आवर घालणारा रॅपामायसिन हा पदार्थ प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटाच्या मातीतून निघाला, आणि तो वेगळा केला ब्रिटिश भारतात जन्मलेल्या सुरेन सेहगल यांनी, माँट्रियलमध्ये. त्यांच्या औषध कंपनीने तिथली प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी हा पदार्थ बनवणारा मातीतला जंतू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. २००९ मध्ये कळलं की वीस महिन्यांच्या, म्हणजे उतारवयातल्या, उंदरांना रॅपामायसिन दिलं तरी ते जास्त जगतात. हे पाहायला सेहगल नव्हते. त्यांचं निधन २००३ साली झालं.

हे सगळं एकीकडे, आणि दुसरीकडे ग्रोथ हॉर्मोन तारुण्याचं औषध म्हणून विकलं जातंय. त्याचं मूळ १९९० सालच्या एका छोट्या अभ्यासात आहे. डॅनियल रुडमन यांनी साठीच्या पुढच्या १२ पुरुषांना सहा महिने हे हॉर्मोन दिलं. त्यांचा चरबीविरहित देहभार ८.८ टक्क्यांनी वाढला, चरबी १४.४ टक्क्यांनी घटली. वयाची दहा-वीस वर्षं मागे गेल्यासारखा हा बदल, असं त्या लेखात म्हटलं होतं, आणि त्या एका वाक्यावर मोठा बाजार उभा राहिला. पण देहभार वाढला म्हणजे ताकद वाढली असं होत नाही. पुढच्या चाचण्यांत म्हाताऱ्यांचे स्नायू थोडे भरले, पण नुसत्या हॉर्मोनने चालणं-उठणं काही सुधारलं नाही. उलट अंगावर सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दबणं आणि साखर वाढणं हे त्रास आले. तिशीनंतर हे हॉर्मोन हळूहळू कमी होत जातं, त्यात शरीराचा काही बचावही असू शकतो, असं इक्वेडोरची माणसं आणि ओहायोचे उंदीर पाहिल्यावर वाटू लागतं. मात्र म्हातारपणी ते फार कमी असणंही बरं नाही. लोकसंख्येच्या अभ्यासांत आयजीएफ-१ फार कमी आणि फार जास्त, अशा दोन्ही टोकांना मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसतं.

ज्या मुलांच्या शरीरात हे हॉर्मोन खरोखरच तयार होत नाही, त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. १९५८ पासून ते मृत माणसांच्या पिट्युटरीतून काढून अशा मुलांना दिलं जायचं. त्यातून काही जणांना मेंदूचा प्राणघातक आजार झाला, हे १९८५ साली उघड झालं आणि ती पद्धत थांबली. त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवलेलं सुरक्षित हॉर्मोन बाजारात आलं. मूल वर्षभरात चार-पाच सेंटिमीटरही वाढत नसेल, वर्गातल्या मुलांच्या मागे पडत चाललं असेल, तर पालकांनी वाट पाहत बसू नये. हाडांच्या टोकांची वाढ बंद होण्याआधीच हे उपचार उपयोगी पडतात, म्हणून मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञाला लवकर दाखवावं. आणि जिममध्ये किंवा एखाद्या क्लिनिकमध्ये निरोगी माणसाला तरुण ठेवण्यासाठी कुणी हे इंजेक्शन सुचवलं, तर ते घेऊ नये. अमेरिकेत म्हातारपण रोखण्यासाठी हे हॉर्मोन वाटणं कायद्याने गुन्हा आहे.